कुलूप उघडणारा म्हणजे चोरच का?

"मला कुलपं उघडण्याचा छंद आहे" असं सांगितलं की समोरचा माणूस आधी आपला खिसा चाचपतो. मग हसतो. आणि मग हळूच विचारतो, "म्हणजे, किल्लीशिवाय?" अरे बाबा, किल्लीने तर सगळेच उघडतात, त्यात कसला आलाय छंद! आपल्या हॉस्टेलवर कोणी गिटार बडवतं, कोणी रुबिक क्यूब फिरवत बसतं, कोणी पहाटे चारपर्यंत मोबाईलवर गेम खेळतं. त्यांना कोणी विचारत नाही की याचा पुढे उपयोग काय. मला मात्र रोज विचारतात, आणि त्या प्रश्नात कुतूहलापेक्षा संशयच जास्त असतो. म्हटलं, मॅगझिनच्या निमित्ताने एकदाच काय ते लिहून टाकावं. माझं मत थोडक्यात असं: इंजिनिअरिंगच्या पोरापोरींनी हा छंद जरूर करावा, कॉलेजने त्याला जागा द्यावी, पण तो दार लावून कोणी करू नये. का, ते सांगतो.

सुरुवात झाली ती व्हिडिओंपासून. 'द लॉकपिकिंग लॉयर' नावाचं एक अमेरिकन चॅनल आहे. त्यात माणसाचा चेहरा दिसतच नाही. दोन हात, एक कुलूप आणि एक शांत आवाज, बस्स. बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत कुलूप उघडून टेबलावर पडलेलं असतं. बघताना वाटतं, हे तर आपणही करू. मग मी सरावासाठी मिळतं ते पारदर्शक प्लॅस्टिकचं कुलूप मागवलं. आतलं सगळं दिसत असल्यामुळे ते दुसऱ्याच दिवशी उघडलं आणि मी स्वतःला उस्ताद समजायला लागलो. त्यानंतर माझ्या स्वतःच्या जुन्या बॅगेचं छोटं पितळी कुलूप हातात घेतलं. त्याला तीन आठवडे लागले! व्हिडिओ बघून पोहता येत नाही, तसलाच हा प्रकार आहे. काय करायचं ते व्हिडिओ सांगतो, पण किती दाबायचं हे बोटांनाच शिकावं लागतं.

आता थोडं आत डोकावू. व्हिडिओंमधली बहुतेक कुलपं पिन-टंबलर जातीची असतात. आजचं त्यांचं रूप अमेरिकेच्या लायनस येल याने १८६० च्या दशकात पेटंट घेऊन रूढ केलं. मूळ कल्पना मात्र प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपांइतकी जुनी आहे. एक बाहेरचं घर आणि त्यात फिरणारा एक दंडगोल. दोघांतून जाणारी पाच-सहा भोकं, प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि वर स्प्रिंग. किल्ली नसताना वरच्या पिना अर्ध्या घरात, अर्ध्या दंडगोलात अडकून बसतात, त्यामुळे दंडगोल फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की तिच्या खाचा प्रत्येक जोडीला इतकंच उचलतात की दोन पिनांमधला सांधा नेमका दंडगोलाच्या कडेवर येतो. या रेषेला शिअर लाईन म्हणतात. सगळे सांधे त्या रेषेवर आले की कुलूप उघडलं.

मग किल्लीशिवाय हे जमतं कसं? इथे खरी गंमत आहे. सगळी भोकं अगदी एका रेषेत ड्रिल झालेली असती, तर पीळ दिल्यावर सगळ्या पिना एकदम अडकल्या असत्या आणि एकेक करून त्या बसवताच आल्या नसत्या. पण कारखान्यात तसं कधी होत नाही, केसाएवढा फरक राहतोच. म्हणून दंडगोलाला हलका पीळ दिला की एकच पिन आधी अडकते. ती जागेवर बसवली की दंडगोल किंचित फिरतो आणि दुसरी अडकते. मग तिसरी. पीळ देण्याच्या त्या वाकड्या पट्टीला टेन्शन रेंच म्हणतात. टेन्शन जास्त झालं तर सगळं जॅम होतं, कमी झालं तर बसवलेल्या पिना पुन्हा खाली पडतात. सबमिशनच्या आठवड्यातली आपली अवस्था हुबेहूब!

टॉलरन्स हा शब्द मी मेट्रॉलॉजीच्या पेपरात पाच मार्कांसाठी लिहिला होता. व्याख्या पाठ, आकृती पाठ. पण कुठलाही भाग कागदावरच्या मापाइतका अचूक बनत नाही, आणि त्या उरलेल्या फरकातच यंत्राचं चांगलं-वाईट ठरतं, हे मला त्या पितळी कुलपाने शिकवलं. फिटिंग शॉपमध्ये कानस घासून जॉब दिलेल्या प्रत्येकाला हे सांगितलं तर पटेल.

आणखी एक गोष्ट व्हिडिओ सांगत नाहीत. आपल्याकडे दाराला लावतात त्यातली पुष्कळशी कुलपं पिनांची नसतातच, ती लिव्हरची असतात. अलीगढची परंपरा घ्या, नाहीतर अर्देशीर गोदरेज यांचं उदाहरण घ्या. वकिली सोडून त्यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. (वकील आणि कुलूप यांचं काय नातं आहे कोण जाणे!) लिव्हरच्या कुलपात पातळ पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टी ठरावीक उंचीवर आली तरच आतला बोल्ट सरकतो. त्याची हत्यारं वेगळी, तंत्र वेगळं. तेव्हा अमेरिकन व्हिडिओ बघून शिकलेला पोरगा उद्या तुमची रूम उघडेल, ही भीती बरीचशी निराधार आहे. माझ्या रूमचं लिव्हरचं कुलूप आजही मी किल्लीनेच उघडतो.

तरी मूळ आक्षेप उरतोच: असलं ज्ञान उघड शिकवलं तर चोरांचं फावेल. हा वाद फार जुना आहे. १८५१ साली लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे अमेरिकेहून ए. सी. हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला. चब कंपनीचं 'डिटेक्टर' कुलूप तेव्हा अभेद्य समजलं जायचं. कोणी छेडछाड केली तर ते अडकून बसायचं आणि मालकाला पत्ता लागायचा. हॉब्जने ते सुमारे २५ मिनिटांत उघडलं. मग तो वळला ब्रामाच्या कुलपाकडे. १७८४ सालचं पेटंट, दुकानाच्या खिडकीत मांडलेलं, उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस. अनेक वर्षं ते कोणाला उघडता आलं नव्हतं. हॉब्जने सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खपून तेही उघडलं. इंग्लंडात खळबळ उडाली. असली माहिती जाहीर करावी का, यावर चर्चा झाली. १८५३ साली हॉब्जच्या नावाने निघालेल्या कुलपांवरच्या पुस्तकात याचं उत्तर आहे. त्याचा मतितार्थ असा की चोरांना हे आधीपासून ठाऊकच असतं, अंधारात असतो तो फक्त प्रामाणिक गिऱ्हाईक.

अलीकडचं उदाहरण २००४ चं. अमेरिकेत क्रिप्टोनाईट कंपनीची काही सायकल-कुलपं बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या नळीने उघडतात, हे लोकांनी व्हिडिओ काढून इंटरनेटवर दाखवलं. कंपनीला ती कुलपं बदलून द्यावी लागली. व्हिडिओ निघाले नसते तर पेनवाले चोर आणि बेसावध सायकलवाले दोघंही तसेच राहिले असते.

आता आपल्या हॉस्टेलकडे येऊ. गेल्या सेमिस्टरला दुसऱ्या मजल्यावरून एक मोबाईल आणि थोडे पैसे गेले. चौकशी सुरू झाली आणि पहिलं बोलावणं कोणाला? अस्मादिकांना! तासभर बसवून ठेवलं. बाकी कोणी दाराकडे नीट पाहिलंही नव्हतं. मी पाहिलं. कुलूप जसंच्या तसं बंद होतं आणि कोयंडा स्क्रूसकट चौकटीतून उपटलेला होता. त्याला पिन लागत नाही, शिअर लाईन लागत नाही, एक पेचकस पुरतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. राग मला चौकशीचा नाही, चौकशी व्हायलाच हवी. राग याचा आहे की चौकशीनंतरही कोयंडे बदलले गेले नाहीत. तेच अर्ध्या इंचाचे स्क्रू आजही तिथे आहेत. फक्त माझी ओळख "तो कुलूपवाला" अशी पक्की झाली.

यात मी एकटा नाही हे वाचून बरं वाटलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रिचर्ड फाइनमन लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या कामावर होता. फावल्या वेळात तो तिथली गुप्त कागदपत्रांची कपाटं उघडायचा. आपल्या आठवणींच्या १९८५ सालच्या पुस्तकात त्याने एक किस्सा दिलाय. एका कर्नलला त्याने दाखवून दिलं की काम करताना तिजोरी उघडी ठेवली तर तिचे आकडे दुसऱ्याला काढता येतात. कर्नलने काय करावं? ज्यांच्या ज्यांच्या खोलीत फाइनमन येऊन गेला होता, त्यांना आकडे बदलायला सांगितले! तिजोऱ्या उघड्या टाकायची सवय तशीच राहिली, धोकादायक ठरला तो फाइनमन.

पण एक आक्षेप मला खरोखर विचारात पाडतो. तो रेक्टर सरांचा नाही, माझ्या रूम पार्टनरचा आहे. तो म्हणाला, "तू चोरणार नाहीस हे मला माहितीये रे. पण तुला येतं हे कळल्यापासून मला माझ्या पेटीचं कुलूप कुलूप वाटत नाही." याला हॉब्जकडे उत्तर नाही. एका खोलीत तिघं जण, कॉमन बाथरूम, कॉमन मेस. अशा ठिकाणी माणसाची स्वतःची जागा म्हणजे कॉटखालची ती एक पेटी. तिच्यात घरची पत्रं असतील, औषधं असतील, केटी लागल्याचं मार्कशीट असेल. ते कुलूप मुळात पितळेच्या बळावर टिकतच नाही, आपण सगळे त्याला हात लावत नाही म्हणून ते टिकतं. माझ्या छंदाने त्या समजुतीला धक्का लागत असेल तर ती भरून काढायची जबाबदारीही माझीच.

ती कशी भरायची, हे मला मंडईबाहेर बसणाऱ्या चावीवाल्या काकांकडे बघून कळलं. त्यांच्याकडे कुठलाही व्हिडिओ नाही. कोरी चावी कुलपात घालतात, पीळ देतात, बाहेर काढून उजेडात धरतात, तिच्यावर उमटलेले बारीक ओरखडे बघतात आणि तिथेच कानस चालवतात. पाच-दहा वेळा असं केलं की किल्ली तयार. अख्ख्या पेठेतली कुलपं हा माणूस उघडू शकतो, तरी लोक त्यांना बिनधास्त घरी घेऊन जातात. कारण ते रोज त्याच जागी, भर रस्त्यात, सगळ्यांसमोर बसतात. त्यांना काय येतं ते गावाला ठाऊक आहे आणि ते कुठे भेटतील हेही. विश्वास त्यातून येतो.

म्हणून छंद करणाऱ्यांसाठी नियम कडक हवेत. जर्मनीत १९९७ पासून या छंदाची रीतसर संघटना आहे, स्पर्धा होतात. जगभरचे छंदवाले दोन नियम मानतात. एक, जे कुलूप आपलं नाही आणि ज्याच्या मालकाची परवानगी नाही त्याला हात लावायचा नाही. दोन, जे कुलूप वापरात आहे, मग ते आपलं का असेना, त्यावर सराव करायचा नाही, कारण सराव करताना ते बिघडू शकतं. हॉस्टेलसाठी मी तिसरा जोडतो: मित्राची किल्ली हरवली तरी रात्री-बेरात्री त्याची रूम उघडून द्यायची नाही. वॉचमन काकांना उठवायचं, रेक्टर सरांना सांगायचं, मग काय ते करायचं. मित्र शिव्या घालेल, घालू दे.

कायदाही माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, बेकायदा आत शिरण्यासाठी कुलूप उघडणं घरफोडीतच मोडतं. तोडलं नाही, फक्त उघडलं, ही सबब चालत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ प्रमाणे सूर्यास्तानंतर घरफोडीची हत्यारं सबळ कारणाशिवाय जवळ सापडली तर तोही गुन्हा ठरतो. तेव्हा हत्यारांचा संच सॅकमध्ये टाकून रात्रीच्या एसटीने गावी जाऊ नये, ही प्रेमाची सूचना.

शेवटी मागणी. वर्कशॉपमध्ये शनिवारी दुपारी एक टेबल मिळावं. भंगारातली जुनी कुलपं आणावीत, एखादं करवतीने उभं कापून फर्स्ट इयरला आतलं दाखवावं. हत्यारं वर्कशॉपच्याच कपाटात राहावीत, येणाऱ्याचं नाव वहीत असावं, इन्स्ट्रक्टर सर समोर असावेत. ती वही रेक्टर सरांनी हवी तेव्हा बघावी. माझं नाव पहिल्या ओळीत लिहा, हरकत नाही.

आणि हो, दुसऱ्या मजल्यावरच्या कोयंड्यांना स्क्रूऐवजी आरपार नट-बोल्ट लावा. अठरा खोल्या आहेत. ड्रिल मशीन वर्कशॉपमधलं चालेल, एका रविवारचं काम आहे. मी यायला तयार आहे, आणखी दोघं तरी हवेत.