सलाइनचा जमाखर्च

गिरगावच्या चाळीत काय किंवा लालबागच्या गल्लीत काय, घरात कोणी तापाने अंथरुणाला खिळले की ‘एक बाटली चढवा, तरतरी येईल’ असा आग्रह धरला जातो. त्या आग्रहाला मी हसत नाही. १८३२ च्या पटकीच्या साथीत थॉमस लॅटा यांनी शिरेतून क्षारजल देऊन मरणोन्मुख माणसे सावध केली, तेव्हापासूनचा बाटलीचा लौकिक रास्तच आहे. माझा विरोध आहे तो अतिदक्षता विभागातल्या सुशिक्षित पूर्वपक्षाला, जो रक्तदाब घसरला तर सलाइन, लघवी उतरली तर सलाइन असा एकच हुकूम जाणतो आणि सुजलेल्या पायांकडे पाहून ‘सूज मागाहून उतरेल’ म्हणतो.

पावसाळ्यात परळच्या केईएममध्ये किंवा चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात येणारा डेंग्यूचा अत्यवस्थ रोगी घ्या. त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाझरणारा रक्तद्रव साधारणतः २४ ते ४८ तासांनंतर आपण होऊन परत फिरतो. तेव्हाही बाटली चालूच राहिली, तर ज्या पाण्याने काल जीव वाचवला तेच आज फुप्फुसांत शिरते.

हात आखडल्यास मूत्रपिंडे कोरडी पडतील, हा प्रतिपक्षाचा मुख्य आक्षेप. परंतु फुप्फुसे निकामी होऊ लागलेल्या १००० रोग्यांवरील २००६ च्या अमेरिकन चाचणीत हात राखून द्रव दिलेल्यांची कृत्रिम श्वासोच्छ्वासातून सुटका लवकर झाली, आणि मूत्रपिंडांची हानी काही वाढली नाही. मृत्युसंख्येत मात्र निर्णायक फरक पडला नाही, हेही कबूल केले पाहिजे. आणि पहिल्या तासांत रक्तदाब कोसळला असता कंजुषी करावी, असे तर माझे मुळीच म्हणणे नाही.

म्हणणे एवढेच, की रोजकीर्द चोख असावी. प्रतिजैविके ज्यात कालवतात ते १००-१०० मिलीलिटर पाणी तीत बहुधा मांडलेच जात नाही! एका लिटर नॉर्मल सलाइनमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. लोणच्याची फोड वर्ज्य केलेल्या रोग्याच्या शिरेत आपण तीन लिटरांबरोबर २७ ग्रॅम मीठ बिनदिक्कत रिचवतो. म्हणून रक्ताभिसरण स्थिरावताच अनावश्यक बाटली बंद करावी, फ्युरोसेमाइडने लघवी वाढवावी, त्या औषधाला मूत्रपिंडे दाद देत नसतील तर डायलिसिसच्या यंत्राने पाणी काढावे. तेही बेताबेताने, नाहीतर रक्तदाब पुन्हा कोसळायचा.

बाटली उतरवली की डॉक्टरांनी हात टेकले, असा नातलगांचा समज होतो. तेव्हा बाहेरच्या बाकड्यापाशी जाऊन त्यांना सांगावे लागते, की काल दिलेल्यापैकी दोन लिटर आज परत घ्यायचे आहेत.