करवंदीचे कुंपण : राखणही आणि फळही

दर वर्षी पावसाळ्यापूर्वी कोकणात आणि घाटमाथ्यावर एक काम ठरलेले असते. डोंगरावरील काटेरी झाळकट तोडावयाचे, भारे वाहून आणावयाचे व परसाला आणि शेताला वई घालावयाची. ही वई दुसऱ्या वर्षी कुजते, वाळवी तिला खाते आणि पुन्हा कोयता डोंगराकडे वळतो. या कामी ज्या जाळ्या तुटतात त्यांत करवंदीच्या जाळ्या पुष्कळ असतात. म्हणजे फळ देणारे झाड तोडून त्याचे मेलेले कुंपण करावयाचे, असा हा व्यवहार होय. तेच झाड बांधावर जिवंत का लावू नये?

करवंद ही रानची वस्तू, ती लावावयाची नसते, असा सार्वत्रिक समज आहे. तो टाकून दिला पाहिजे. करवंद सदाहरित, काटक व काटेरी आहे. मुरमाड, हलक्या जमिनीत ते तग धरते, आणि एकदा मूळ धरल्यावर उन्हाळ्यात पाणी मागत नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ हे मोठ्या फळाचे वाण काढले आहे, यावरून या झाडाची योग्यता ध्यानात यावी.

करवंद सावकाश वाढते, हा आक्षेप मात्र खरा आहे. फळ धरावयास सुमारे तीन वर्षे लागतात, आणि पहिली दोन वर्षे कोवळी रोपे गुरांपासून जपावी लागतात. तोवर जुनी वई ठेवून तिच्या आतल्या बाजूने रोपे लावणे शहाणपणाचे. तीन वर्षांचा धीर धरला की दरसालची तोड कायमची सुटते.

लागवडीची रीत सोपी आहे. वैशाखात ज्या जाळीची फळे मोठी व गोड असतील तिला खूण करावी. पूर्ण पिकलेल्या फळांचे बी धुऊन, सावलीत सुकवून लगेच पिशव्यांत पेरावे. बी जुने झाले की उगवत नाही. पुढील पावसाळ्याच्या आरंभी ६० सेंटीमीटर अंतरावर रोपे लावावीत. १०० मीटर कुंपणास सुमारे १७० रोपे पुरतात. बियांची सर्वच झाडे मूळ झाडासारखी निघत नाहीत, परंतु कुंपणास ते चालते. छाटणी फळे संपल्यावरच करावी.

फळ दारात आले की त्याचा उपयोग गृहिणीस शिकवावा लागत नाही. हिरव्या करवंदांचे लोणचे व चटणी घरोघर होते. चिरताना चीक निघतो, म्हणून हातास तेल लावावे. परंतु अर्धवट पिकलेल्या फळांची जेली फारच थोड्या घरी होते, ही खेदाची गोष्ट आहे. या फळात पेक्टिन भरपूर असल्याने जेली हमखास जमते. फळे बुडतील इतक्या पाण्यात मऊ शिजवावीत, रस फडक्यातून न पिळता गाळावा, आणि एक वाटी रसास पाऊण ते एक वाटी साखर घालून आटवावा. पळीवरून रस थेंबाथेंबाने न पडता पापुद्र्यासारखा सुटू लागला की जेली झाली. फळ आंबट असल्यामुळे भांडे स्टीलचे घ्यावे. तांब्यापितळेचे वा ॲल्युमिनियमचे नको. पिकलेल्या फळांचे सरबत पाहुण्यांपुढे ठेवण्यास कोणत्याही बाटलीबंद पेयापेक्षा कमी नाही.

महिला बचत गटांनी हे पदार्थ विक्रीस ठेवावयाचे असल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये आधी नोंदणी करून घ्यावी.

येथे ग्रामपंचायत अधिकारी व सहायक कृषी अधिकारी यांचे काम पत्रके वाटून संपत नाही. वैशाखात गावकऱ्यांसह डोंगर फिरून चांगल्या जाळ्या हेराव्यात, शाळेच्या आवारात रोपे करावीत आणि पहिले कुंपण ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या जागेस घालावे. डोळ्यांनी पाहिलेले कुंपण शंभर व्याख्यानांहून अधिक पटते. रानातील करवंदे विकून चार पैसे मिळविणाऱ्या बायकांची जाळी कोयत्यापासून वाचली, तर तो लाभ कुंपणाच्या लाभाहून लहान मानू नये.