दह्याची वाटी आणि मूत्रपिंडें

गेल्या महिन्यांत आमच्या पंक्तींत वाद उपस्थित झाला, तो वाटीभर दह्यावरून. माझ्या रक्तांत क्रिॲटिनिन वाढलें असून लघवींतून अल्ब्युमिन जात आहे, असें डॉक्टरांनीं सांगितलें, आणि थोरले बंधू अण्णा यांनीं तत्काळ निकाल दिला, "गोळ्या कसल्या घेतोस? दोन्ही वेळां दहीं खा. मेचनिकॉफनें हें कधींच सांगून ठेवलें आहे!" अण्णा शहात्तर वर्षांचे, त्यांच्यापुढें मी अद्यापि धाकटाच.

मेचनिकॉफ हें नांव उपेक्षणीय नव्हे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील या पंडितास १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. (तें रोगप्रतिकारशक्तीच्या संशोधनाबद्दल, दह्याबद्दल नव्हे, हें अण्णा विसरतात.) मोठ्या आंतड्यांतील जंतू अन्न कुजवून विषें उत्पन्न करितात व त्यांमुळें अकालीं वार्धक्य येतें, असें त्याचें मत होतें. तो स्वतः आंबविलेलें दूध नित्य घेई. १९१६ सालीं एकाहत्तराव्या वर्षीं तो निवर्तला.

वाचकहो, त्याचें अर्धें म्हणणें आज खरें ठरलें आहे. न पचलेलीं प्रथिनें मोठ्या आंतड्यांत पोंचलीं कीं तेथील जंतू त्यांतून इंडोल व क्रेसोल हे पदार्थ बनवितात. यकृत त्यांचें रूपांतर करितें आणि निरोगी मूत्रपिंडें तीं द्रव्यें लघवीवाटे बाहेर टाकितात. वयोमानानें मूत्रपिंडांची शक्ति उतरते. त्यांत मधुमेह वा रक्तदाब असला तर अधिकच. मग हीं द्रव्यें रक्तांत सांचतात. रक्तांतील अल्ब्युमिनास तीं इतकीं चिकटून बसतात कीं डायलिसिसनेंही पुरतीं निघत नाहींत. शिवाय रक्तांत वाढलेला युरिया आंतड्यांत उतरतो, जंतू त्याचा अमोनिया करितात आणि आंतड्याचें अस्तर दुबळें होतें. म्हणजे एकाचा बिघाड दुसऱ्यास भोंवतो.

तर मग विष आंतड्यांतच अडवावें! जपानांत १९९१ पासून यासाठीं एक प्रकारचा कोळसा पोटांत देतात. परंतु २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चांचण्यांत त्यानें रोगाची गति मंदावल्याचें सिद्ध झालें नाहीं. दह्याच्या पदरीं तर तितकाही पुरावा नाहीं. उलट माझ्यासारख्यास दह्यांतील पोटॅशियम व फॉस्फरस यांचाही हिशेब ठेवावा लागेल.

हें सर्व मीं अण्णांस सांगितलें. ते म्हणाले, "मला कोठें कांहीं दुखतें का?" हीच तर या व्याधीची लबाडी! बरीचशी शक्ति जाईपर्यंत ती बहुधा मुळींच दुखत नाहीं. अण्णांस पंधरा वर्षें मधुमेह आहे, आणि त्यांनीं लघवी एकदांही तपासविलेली नाहीं. मी कांहीं बोललों नाहीं, सूनबाई मात्र हळूच म्हणाली, "काका, मामंजींबरोबर आपणही चला ना."

सोमवारीं आम्ही दोघे गेलों. गोळ्या मी घेत आहें, दह्याची वाटी लहान झाली आहे. अण्णांचा कागद उद्यां यावयाचा आहे. आज जेवतांना त्यांनीं दहीं मागितलें नाहीं.