थोडासा अवकाश

लेकीच्या बाळंतपणासाठी २०२३ च्या ऑगस्टमध्ये मी इंग्लंडला गेले होते. लंडनपासून तासाभराच्या अंतरावरचं छोटंसं गाव. जावई सकाळी आठला घराबाहेर पडणार, लेक बाळात गुंतलेली. मग माझ्या गप्पांना आधार उरला तो शेजारच्या बाईंचा. वय अडुसष्ट, एकट्या राहणाऱ्या, गुडघ्यांचं दुखणं कायमचं. तिथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण माझी जीभ काही वळेना. मी त्यांना आपली ‘ताई’च म्हणायला लागले. त्यांनाही ते आवडलं.

लेकीच्या घरी गणपती होता. ताई दोन-तीनदा आरतीला आल्या. टाळ वाजवायची हौस भारी! २८ सप्टेंबरला विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या घराची किल्ली द्यायला दारात उभ्या. हातात काठी, पाठीवर सॅक आणि अंगात काळा टी-शर्ट. त्यावर पंख पसरलेला ससाणा. म्हणाल्या, ‘‘उद्या दुपारी येते गं. कुंड्यांना पाणी घाल. आज लंडनला आमच्या बँडचा कार्यक्रम आहे, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये.’’

मी म्हटलं, ‘‘अहो ताई, या गुडघ्यांनी?’’

‘‘गाणारा ब्याऐंशी वर्षांचा आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तो उभा राहणार. मी बसून ऐकायचंही नाही का?’’

त्या बँडचं नाव हॉकविंड. मी कधी ऐकलं नव्हतं, तुम्हीही ऐकलं नसेल. दुसऱ्या दिवशी ताई परत आल्या त्या रात्रभराच्या जागरणाने दमलेल्या, पण चेहरा असा की जणू माहेरपण करून आल्यात. मग पुढचे दोन महिने दुपारच्या चहाबरोबर मला हॉकविंडपुराण ऐकावं लागलं. आधी भिडेखातर, नंतर आवडीने!

हा बँड १९६९ मध्ये लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागात जन्माला आला. डेव्ह ब्रॉक हा त्याचा संस्थापक, आधी रस्त्यावर गिटार वाजवून चार पैसे मिळवणारा. ही मंडळी फुकट वाजवण्यासाठी प्रसिद्ध. लंडनच्या उड्डाणपुलाखाली वाजवायची. १९७० मध्ये आइल ऑफ वाइट बेटावर मोठा संगीत महोत्सव झाला, तेव्हा तिकिटाच्या कुंपणाबाहेर राहिलेल्यांसाठी यांनी बाहेरच वाजवलं. ताई म्हणतात, ‘‘ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांचा बँड होता तो. म्हणून आमचा होता.’’

त्यांच्या संगीताला स्पेस रॉक म्हणतात, म्हणजे अवकाशाचं रॉक. तेव्हा माणूस नुकताच चंद्रावर पोचला होता. गिटार आणि ड्रमचा एकच ठेका दहा-दहा मिनिटं चालतो. त्यावर ऑडिओ जनरेटर नावाच्या यंत्राचे सूंऽऽ सूंऽऽ आवाज. हे यंत्र मुळात विजेची उपकरणं तपासायचं, पण यांनी त्याचं वाद्य केलं. वर रंगीत प्रकाशाचा खेळ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कुकरची शिट्टी आणि पिठाची गिरणी एकदम सुरू झाल्यासारखं वाटलं. ताईंना तसं सांगितलं तर खो खो हसल्या. म्हणाल्या, ‘‘तुमच्या आरतीत तरी काय? एकच ठेका, हळूहळू चढत जातो आणि माणूस डोलायला लागतो. गिरणीकडे लक्ष देऊ नकोस, डोल.’’ खरं सांगते, तिसऱ्या वेळी मान आपोआप हलायला लागली. आणखी एक गंमत म्हणजे त्यांच्या १९७२ च्या एका रेकॉर्डचं नाव आहे ‘डोरेमी फासोल लातिदो’. म्हणजे त्यांचं सा रे ग म प ध नी सा!

१९७२ मध्येच त्यांचं ‘सिल्व्हर मशीन’ हे गाणं इंग्लंडच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. सगळ्यांना वाटलं हे चंदेरी यंत्र म्हणजे अवकाशयान. गाणं लिहिणारा रॉबर्ट कॅल्व्हर्ट नंतर म्हणाला, छे, ती तर माझी सायकल! लहानपणची सायकल आणि त्यावर अख्खं जग तरंगलं. त्या गाण्याच्या पैशातून त्यांनी ‘स्पेस रिच्युअल’ नावाचा मोठा दौरा काढला. अवकाशयानात गाढ झोपलेल्या प्रवाशांची स्वप्नं, अशी त्यामागची कल्पना. त्यातला २२ डिसेंबर १९७२ चा कार्यक्रम लिव्हरपूलला झाला, बॉक्सिंगच्या सामन्यांसाठी बांधलेल्या सभागृहात. ताई तेव्हा सतरा वर्षांच्या. बिस्किटाच्या कारखान्यात कामाला होत्या. आठवड्याच्या पगारातून तिकीट काढलं आणि घरी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं.

त्या रात्रीचं आणि लंडनमधल्या आणखी एका कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण १९७३ मध्ये दोन रेकॉर्डच्या संचात आलं. ताईंनी तो संच मला दाखवला. कडा झिजलेल्या, कोपऱ्यावर चहाचा डाग. रेकॉर्ड लावली आणि प्रेक्षकांचा गलका आला तशी बोट उचलून म्हणाल्या, ‘‘ऐक, यात मी आहे.’’ मैत्रिणींनो, माझ्या अंगावर काटा आला. जगभर विकल्या गेलेल्या एका रेकॉर्डमध्ये कारखान्यातल्या एका पोरीची टाळी आहे आणि हे फक्त तिलाच ठाऊक आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय कौतुक? मलाही वाटलं होतं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. त्या काळातला त्यांचा सगळा प्रकार काही आपल्याला पटण्यासारखा नव्हता. नशापाणी भरपूर. लेमी नावाचा गिटारवाला १९७५ मध्ये कॅनडाच्या सीमेवर अमली पदार्थांवरून पकडला गेला आणि बँडने त्याला काढून टाकलं. (त्याने मग मोटरहेड नावाचा स्वतःचा बँड काढला आणि तो यांच्याहूनही गाजला.) आणि रंगमंचावर स्टेसिया नावाची सहा फुटी नर्तिका. पुष्कळदा अंगावर रंगाशिवाय काही नाही. मी विचारलं, ‘‘बायकांना मिरवायला उभं करणारा हा बँड तुम्हाला आपला कसा वाटला?’’

ताईंनी ते उडवून लावलं नाही. म्हणाल्या, ‘‘तेव्हा वाटायचं ही बाई कोणाला भीत नाही. मीही भिऊ नये. आज वाटतं, वाद्यं सगळी पुरुषांच्या हातात आणि बाईच्या हातात काही नाही, हे काही बरं नव्हतं. दोन्ही खरं आहे. आपलं माणूस चुकतं म्हणून आपण त्याला टाकतो का? चूक सांगतो आणि राहतो.’’

ते राहणं मात्र सोपं नव्हतं. पन्नासहून अधिक वर्षांत या बँडमध्ये कितीतरी माणसं आली नि गेली. पहिल्यापासून आजपर्यंत टिकला तो एकटा ब्रॉक. कॅल्व्हर्ट १९८८ मध्ये हृदयविकाराने गेला, वय अवघं त्रेचाळीस. लेमी २०१५ मध्ये गेला. बासरी आणि सॅक्सोफोन वाजवणारा निक टर्नर हा सुरुवातीपासूनचा साथीदार. पुढे त्याचं आणि ब्रॉकचं फाटलं, बँडच्या नावावरून कोर्टकचेरी झाली. अगदी आपल्याकडची भाऊबंदकी! चाहत्यांतही दोन तट पडले. ताई दोघांच्याही कार्यक्रमांना जायच्या. टर्नर २०२२ च्या नोव्हेंबरात गेला त्या दिवशी त्यांनी घरात मेणबत्ती लावली होती म्हणे. त्यांचं लग्न झालं, मोडलं, मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला, कारखाना बंद पडला. या सगळ्यात वर्षाकाठी एकदा तरी त्या कुठे ना कुठे हॉकविंड ऐकायला गेल्या. तिथे भेटणारी माणसं ठरलेली. कोणाची बायको आजारी, कोणाला नातू झाला, सगळी खबरबात तिथेच. ताईंचा गोतावळाच म्हणा ना.

आणि मग एके दुपारी त्यांनी मला सहज विचारलं, ‘‘माझं फार झालं. तुझं सांग. तू कोणाची?’’

मी गप्प. शेजारी बाळाला घेऊन लेक बसली होती, ती म्हणाली, ‘‘आईला तसं खास काही नाही आवडत. ती आमच्यातच असते.’’

लेक प्रेमानेच म्हणाली. पण मला ते लागलं. कारण ते खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे माझ्या लेकीला ठाऊक नव्हतं. कसं असणार? मीच कधी कळू दिलं नाही.

मी किशोरीताई आमोणकरांची होते. कॉलेजला असताना पुण्याला मावशीकडे राहायचे, तेव्हा त्यांची मैफल असली की शाल घेऊन निघायचे. त्यांचा भूप ऐकून रात्री चालत परत येताना मावशीच्या घराची गल्ली चुकले होते, एवढी तंद्री. १९८३ मध्ये लग्न होऊन या गावात आले. येताना बॅगेत सात कॅसेट होत्या. सासरी कोणी गाण्याला नको म्हटलं नाही हो. मी विचारलंच नाही. आधी सासूबाईंचं पथ्य, मग शाळेची नोकरी, मुलांची दहावी-बारावी. आमच्या ह्यांचं क्रिकेट मात्र कधी चुकलं नाही. मॅच असली की सगळ्या घराने चहा, भजी, शांतता सांभाळायची. त्यात मला काही वावगंही वाटलं नाही. एप्रिल २०१७ मध्ये किशोरीताई गेल्याची बातमी आली तेव्हा मी डाळ निवडत होते. हात थांबले. चौतीस वर्षांत मी एकदाही त्यांना समोर बसून ऐकलं नव्हतं. पुणे आमच्या गावाहून एस.टी.ने तीन तासांवर. डोळे पुसले आणि डाळ शिजायला लावली. घरात कोणाला कळलंही नाही.

ताईंनी एका बँडचं सगळं आयुष्य आपल्या आयुष्याबरोबर जगून घेतलं. मला माझ्या गायिकेचं जाणंही चोरून सोसावं लागलं. हा फरक पैशाचा नाही, ताई काही श्रीमंत नाहीत. देशाचाही म्हणवत नाही, कारण माझ्याच वर्गमैत्रिणींपैकी एक अजून नेमाने सवाई गंधर्वला जाते. फरक एवढाच की ताईंनी आपली आवड हा घराच्या हिशेबातला एक खर्च धरला. औषधपाण्यासारखा, दुधाच्या बिलासारखा. मी तो उरलं तर बघू या खात्यात टाकला. आणि बायकांच्या त्या खात्यात कधी काही उरत नाही, हे तुम्हीही जाणता.

कोणी म्हणेल, अहो, आपल्याकडे भजनी मंडळ आहे, हळदीकुंकू आहे, सहली आहेत. आहेत ना, आणि चांगल्याच आहेत. पण ते सगळ्यांमिळून ठरलेलं. मी म्हणते ते वेगळं. एखादी गोष्ट अशी, की जी घरात दुसऱ्या कोणालाच आवडत नाही, जिचा कोणाला उपयोग नाही, आणि तरी ती तुमची आहे. ती सांभाळली तर काय होतं? मुलं उडून जातात, नोकरी संपते, माणसं जातात, तेव्हा घरात आपल्याला ओळखणारं काहीतरी उरतं. ताईंकडे ते होतं. म्हणून एकट्या असूनही त्या मला कधी केविलवाण्या वाटल्या नाहीत. आणि आपली मुलं? आई म्हणजे स्वयंपाक आणि काळजी, एवढंच ती शिकली तर पुढे सुनेकडून, बायकोकडूनही तेवढंच मागतील. यात आपलाही वाटा आहेच की.

परत आल्यावर मी माळ्यावरची पेटी काढली. सातपैकी पाच कॅसेट शाबूत होत्या. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा गावात एकच उरलाय, त्याने दीडशे रुपयांत करून दिला. आता बुधवारी दुपारी तीन ते चार माझा दरवाजा बंद. पहिल्या बुधवारी ह्यांनी विचारलं, ‘‘चहा?’’ मी आतूनच म्हटलं, ‘‘चारनंतर.’’ दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतः केला. माझ्यासाठीही ठेवला होता, झाकून! लेकीलाही फोनवर सगळं सांगितलं. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, ‘‘आई, मला पण ऐकव ना.’’

ताई अधूनमधून फोन करतात. २०२५ मध्ये हॉकविंडची नवी रेकॉर्ड आली तेव्हा त्यांनी तिचं नाव मला दोनदा ऐकवलं, ‘देअर इज नो स्पेस फॉर अस’. आमच्यासाठी जागाच नाही! मी म्हटलं, ‘‘ताई, हे तर आमच्याकडच्या बायका रोज म्हणतात.’’ आणि मग त्यांना समजावून सांगितलं, की आमच्या मराठीत त्यांच्या त्या स्पेसला अवकाश म्हणतात. आणि गंमत अशी की अवकाश म्हणजे सवडसुद्धा.

त्या म्हणाल्या, ‘‘मग घे की.’’

मी माझा बुधवार घेतलाय. तुम्ही कोणत्या वारी घेताय?