लेखन-व्यवहार : अहवाल, प्रस्ताव आणि वाचणाऱ्याची खुर्ची



कथा-कादंबरी वाचावयास माणूस आपण होऊन बसतो. अहवाल वाचावयास त्याला बसावे लागते. एवढा एक भेद ध्यानात धरला, तरी अशा लेखनाचे पुष्कळसे नियम आपोआप उमगतात. बँकेच्या शाखेत कर्जाचे प्रस्ताव पाहणारा अधिकारी घ्या. आपला कागद त्याच्यापुढे जातो तेव्हा टेबलावर अगोदरच दहा कागद पडलेले असतात, समोर दोन माणसे उभी असतात आणि दूरध्वनी वाजत असतो. आपला प्रस्ताव त्याने आपुलकीने, पहिल्या ओळीपासून अखेरच्या ओळीपर्यंत वाचावा, ही अपेक्षा चांगली आहे. पण तिच्या भरवशावर लिहू नये.

हा विषय कचेरीतल्या मंडळींचा, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग नाबार्डने १९९२ साली सुरू केला तेव्हापासून, ज्यांनी आयुष्यात पत्रापलीकडे काही लिहिले नव्हते अशा असंख्य भगिनींवर प्रस्ताव लिहिण्याची वेळ आली आहे. गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस, शाळेच्या पालक संघाचा कार्यवाह, गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल, ह्या सर्वांना कधी ना कधी अहवाल लिहावाच लागतो. आणि तो नीट न लिहिल्याने अडते ते काम खऱ्याखुऱ्या माणसांचे असते.

जाता जाता शब्दांविषयी थोडेसे, कारण आमचा धंदा भाषांतराचा! ‘हाल’ म्हणजे अरबीत स्थिती, आणि ‘अहवाल’ हे त्याचे अनेकवचन. मराठीत येता येता ‘हाल’ शब्दाला यातनांचा अर्थ चिकटला. काही अहवाल वाचताना तो का चिकटला असावा, ह्याची कल्पना येते. ते असो. अहवालात जे आहे ते सांगावयाचे आणि प्रस्तावात जे व्हावे ते मागावयाचे, हा दोहोंतील फरक. मागणाऱ्याने प्रथम मागणे सांगावे, हे ओघानेच आले. पण नेमके तेच बहुतेक प्रस्तावांत सातव्या पानावर असते. त्यापूर्वी सहा पाने देशाच्या आर्थिक विकासाची, स्त्रीशक्तीची आणि मसाल्यांच्या प्राचीन परंपरेची!

एक उदाहरण घेऊ. समजा, दहा भगिनींच्या एका गटाला मसाला कुटून, वेष्टनात भरून विकावयाचा आहे. कांडप यंत्र व इतर सामग्री यांस ३ लाख रुपये लागतील, अशी कोटेशने त्यांच्यापाशी आहेत. साहजिकच त्यांच्या मनात प्रस्ताव म्हणजे यंत्रासाठी ३ लाखांचे कर्ज. कागदावर हिशेब मांडू लागले म्हणजे मात्र चित्र पालटते, आणि प्रस्ताव लिहिण्याचा पहिला लाभ हाच की तो बँकेच्या आधी आपलेच डोळे उघडतो.

एक किलो मसाला ४०० रुपयांस विकला जाईल असे धरू. मिरची, धने, खोबरे, तेल, वीज आणि वेष्टन मिळून किलोमागे ३१० रुपये खर्च येतो, उरतात ९०. आता माल विकला जावो वा न जावो, दरमहा द्यावेच लागणारे पैसे पाहू : जागेचे भाडे ६,०००, काम करणाऱ्या दोघींचे वेतन २०,००० आणि कर्जाचा हप्ता व व्याज १०,०००, एकूण ३६,०००. ह्या रकमेस ९० ने भागले की ४०० येतात. म्हणजे महिन्यास ४०० किलो मसाला विकला गेला तर ना नफा ना तोटा. महिन्याचे पंचवीस दिवस कामाचे धरले तर दिवसाला १६ किलो. कांडप यंत्र एवढा माल सकाळच्या प्रहरातच कुटून देईल. प्रश्न यंत्राचा नाहीच. रोज १६ किलो मसाला घेणार कोण, हा प्रश्न आहे, आणि अनुभवी अधिकारी नेमका तोच विचारतो. आठ किराणा दुकानदारांनी ‘महिन्याला इतके किलो घेऊ’ असे सहीनिशी लिहून दिलेले असेल, तर ते आठ कागद प्रस्तावनेच्या सहा पानांहून वजनदार ठरतात.

पण एवढ्याने भागत नाही. सुकी मिरची हंगामात, रोखीने आणि बरीचशी एकदम घ्यावी लागते, मग ती गुंटूरची असो वा ब्याडगीची. समजा, कच्चा माल सरासरी ६० दिवस घरात राहतो, तयार माल १० दिवस, आणि दुकानदार पैसे देतो ३० दिवसांनी. म्हणजे मिरचीत घातलेला रुपया परत हाती येण्यास १०० दिवस लागतात. महिन्याचा ४०० किलोंचा कच्चा माल व इतर बदलता खर्च १,२४,००० रुपये. शंभर दिवसांचा झाला सुमारे ४,१३,००० रुपये. पाहा, यंत्रापेक्षा खेळते भांडवल अधिक लागते! ज्या गटाने केवळ यंत्रासाठी कर्ज मागितले, त्याचे यंत्र दिमाखात उभे राहील आणि चार महिन्यांनी मिरचीवाचून बंद पडेल. पुष्कळ लहान उद्योगांचे असेच होते, आणि दोष मग नशिबाला दिला जातो.

आता खरी परीक्षा पुढेच आहे. मिरची महागून किलोमागे खर्च ३१० वरून ३४० झाला, आणि भाव वाढवता आला नाही, तर? उरतात ६० रुपये, आणि ४०० किलोंच्या जागी ६०० किलो विकणे भाग पडते. विक्री ३०० किलोंवरच अडली, तर मूळ खर्चातही दरमहा ९,००० रुपयांची तूट येते. ही तूट कोण सोसणार? दहा घरांची बचत? हे सारे प्रस्तावात लिहावे काय, असे कित्येकांना वाटते. आपणच आपली उणी बाजू दाखविली तर कर्ज कोण देईल?

आमचे मत ठाम आहे : लिहावे, आणि पुढच्याच पानांत लिहावे. मिरचीच्या भाववाढीचा धोका अधिकाऱ्यास आपल्याहून चांगला ठाऊक असतो. तो आपल्याला ठाऊक आहे की नाही, एवढेच त्याला पाहावयाचे असते. ‘पहिल्या वर्षी भाव चढल्यास आम्ही अर्धा वेळ घरच्या गिऱ्हाइकांची मिरची मजुरीवर कांडून देऊ’ अशी एक ओळ गटाच्या विचारीपणाची जेवढी साक्ष देते, तेवढी कोणतीही विशेषणे देत नाहीत. गटाचे इतिवृत्त, बचतीची वही, आजवर आपसांत दिलेल्या कर्जाची परतफेड, ह्यांची नक्कलही जोडावी. दहा जणींनी पाच वर्षे महिन्याच्या महिन्याला पैसे भरले, ही गोष्ट वहीत तारखांसह दिसते.

अप्रिय गोष्ट कोठे लिहावी, हा प्रश्न केवळ दीड-दोन लाखांच्या कर्जाचा नाही. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अमेरिकन अंतराळयान सात अंतराळवीरांना घेऊन निघाले. त्यांत कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला होत्या. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी ह्या आघाताचा विचार करून वरिष्ठांपुढे आपले अनुमान मांडले, ते पडद्यावर दाखवावयाच्या मुद्देवजा पानांवर. त्यांतील एका पानाचे शीर्षक वाचणाऱ्याच्या मनावर असाच ठसा उमटवी की, पूर्वीच्या चाचण्या पाहता अंदाज सावधच आहेत. त्याखाली मुद्दे, पोटमुद्दे आणि पोटमुद्द्यांचे पोटमुद्दे. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट : चाचण्या झाल्या त्या ३ घन इंचांच्या तुकड्यावर, आणि येथे विचार चालला होता तो १,९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट! ज्या चाचण्यांचा हवाला शीर्षकात होता, त्या ह्या प्रसंगास लागूच पडत नव्हत्या. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना यान आकाशातच विदीर्ण झाले आणि सातही जण मृत्यू पावले.

एका पानामुळे हा घात झाला, असे कोणी म्हणत नाही. कारणे अनेक होती. परंतु चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ मधील आपल्या अहवालात ह्या पानाची स्वतंत्र दखल घेतली. ते वाचणाऱ्या वरिष्ठास, येथे प्राणांशी गाठ आहे, हे कळले नसल्यास नवल नाही, असा मंडळाचा अभिप्राय पडला. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी ह्याच पानाची चिकित्सा करताना दाखवून दिले की ‘लक्षणीय’ ह्या अर्थाचा शब्द त्यात पाच वेळा आला आहे, आणि त्याचा अर्थ मात्र स्थिर नाही. आपल्याकडेही हा शब्द फार लाडका आहे. ‘सभासदसंख्येत लक्षणीय वाढ झाली.’ किती? चाळिसांचे साठ झाले की चारशेचे चारशे सहा? आकडा ठाऊक असेल तर तोच लिहावा. ठाऊक नसेल तर ‘लक्षणीय’ म्हणण्यास आधार काय?

अशीच दुसरी खोड कर्मवाच्य क्रियापदांची. इंग्रजीतून होणाऱ्या सरकारी भाषांतरांनी ती मराठीत भक्कम रुजविली, हे आमच्याच व्यवसायाचे देणे आहे. ‘गच्चीच्या गळतीबाबत योग्य ती दक्षता घेण्यात येत असून लवकरच पुढील कार्यवाही करण्यात येईल.’ वाक्य शुद्ध आहे, भारदस्त आहे; आणि पावसाळ्यात वरच्या मजल्यावरील कुटुंबाच्या अंथरुणावर पाणी ठिबकणार, हेही त्यातून निश्चित होते! कारण करणारा कोण आणि केव्हा करणार, हे दोन्ही त्यात नाही. त्याऐवजी असे लिहून पाहा : ‘गच्चीला तीन ठिकाणी भेगा आहेत. दोन ठेकेदारांची कोटेशने आली आहेत. त्यांतून एकाची निवड ३० एप्रिलपूर्वी करून काम २५ मेपर्यंत पुरे करून घेण्याची जबाबदारी चिटणिसांनी स्वीकारली आहे.’ हे लिहिताना चिटणिसांचा हात जरा थबकेल, हे खरे. वरच्या मजल्यावरील मंडळींना मात्र त्यामुळेच झोप लागेल.

लांबीविषयी नेहमी विचारले जाते. ९ ऑगस्ट १९४० रोजी, युद्ध ऐन भरात असताना, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी सहकाऱ्यांना एक टिपण धाडले, त्याचा विषयच संक्षेप हा होता. मुख्य मुद्दे लहान परिच्छेदांत मांडावेत आणि सविस्तर आकडेमोड वा गुंतागुंतीचे विवेचन परिशिष्टात घालावे, असे त्यांचे सांगणे होते. ही परिशिष्टाची युक्ती लहान प्रस्तावासही लागू पडते. पहिल्या पानावर मागणे, रक्कम, तिचा विनियोग, आपला स्वतःचा हिस्सा आणि परतफेडीची मुदत; पुढील दोन-तीन पानांत विक्रीचा आधार, वरच्यासारखा हिशेब आणि धोके; कोटेशने, वह्यांच्या नकला, नोंदणीची प्रमाणपत्रे, सारे मागे, अनुक्रमांक घालून. एकच गोष्ट दोन ठिकाणी येत असेल तर आकडे जुळतात की नाही हे तपासावे. पहिल्या पानावर ७ लाख आणि तक्त्यात ७ लाख १३ हजार, असे दिसले की अधिकाऱ्याचा विश्वास तेथेच उडतो. मग बाकीचे कितीही खरे असो.

दुसऱ्याच्या प्रकल्प अहवालातील नाव व गाव बदलून तयार अहवाल विकणारे लोक पुष्कळ आहेत. तो घेण्याचा मोह टाळावा. असा अहवाल सुबक असतो, पण अधिकाऱ्याने एखादा आकडा बोट ठेवून विचारला की गटाच्या अध्यक्षा गप्प होतात. आकडा त्यांचा नसतोच ना!

इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील आपल्या वाचकांपुढे आणखी एक अडचण असते. कागद हिंदीत, गुजरातीत, तेलुगूत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो. त्यांनी प्रथम मराठीत, घरात बोलतो तशा भाषेत, मसुदा करावा आणि मग तो भाषांतरासाठी जाणकाराच्या हाती द्यावा. परक्या भाषेत थेट लिहू लागले की येणारी वाक्येच लिहिली जातात, सांगावयाची राहून जातात. भाषांतर हाती आल्यावर निदान सारे आकडे, तारखा आणि नावे स्वतः मुळाशी ताडून पाहावीत. त्यासाठी ती भाषा यावी लागत नाही.

लेखन पुरे झाल्यावर पहिले पान घरातील अशा माणसास वाचून दाखवावे, ज्याला ह्या उद्योगाची काही माहिती नाही. मग कागद बाजूस ठेवून त्यालाच विचारावे : किती पैसे मागितले आहेत? कशासाठी? परत कसे करणार? तिन्ही उत्तरे बरोबर आली तर पान पुन्हा लिहिण्याचे कारण नाही. शाखेत देताना दोन प्रती न्याव्यात, पृष्ठांना क्रमांक घालावेत, परिशिष्टांची यादी वर जोडावी आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का व सही, म्हणजेच पोच, घेतल्यावाचून खिडकीपासून हलू नये.