थोडं बेसूर वाटतंय का रे?

मेसेज पाठवायला मला चार सेकंद लागले आणि त्याची शिक्षा अकरा दिवस भोगली.

तर झालं असं. माझा एक मित्र आहे, शाळेपासूनचा. नाव सांगणार नाही, कारण हा कॉलम त्याच्या ऑफिसात वाचला जातो आणि तिथे कुणालाच माहीत नाही की हा प्राणी रात्री अकरानंतर ऑर्केस्ट्रासाठी म्युझिक लिहितो. लग्नातला ऑर्केस्ट्रा नव्हे हं! व्हायोलिन, चेलो, हॉर्न, क्लॅरिनेट असा साठ-सत्तर वाद्यांचा सिंफनी ऑर्केस्ट्रा. दिवसा हिंजवडीत कोड, रात्री स्कोअर. दोन वर्षं खपून त्याने सात मिनिटांचा एक पीस पूर्ण केला आणि सगळ्यात आधी मला पाठवला. मी रिक्षात होते, एका कानात इयरफोन, दुसऱ्या कानात कर्वे रोडचा ट्रॅफिक. ऐकलं आणि टाइप केलं, 'सॉलिड रे! फक्त व्हायोलिन्स थोडी बेसूर वाटतायत का?'

दोन निळ्या टिक्स. मग शांतता.

बाराव्या दिवशी पॅटिस घेऊन मीच त्याच्या फ्लॅटवर धडकले. सॉरी म्हणायच्या आत त्याने विचारलं, "अगं, तू गाणं शिकत होतीस ना?"

शिकत होते. गांधर्वच्या दोन परीक्षा. मग आठवीत क्लासेस सुरू झाले आणि गाणं सुटलं. टिपिकल स्टोरी. त्याने फोनवर तानपुरा लावला. "गंधार लाव." लाजत-लाजत लावला. "आता हा ऐक." तानपुरा चालू ठेवूनच त्याने की-बोर्डवरचा गंधार दाबला. आईशप्पथ, तो माझ्या गंधाराच्या डोक्यावर चढून बसला होता! "सांग आता, बेसूर कोण?"

फंडा असा आहे. सा पासून वरच्या सा पर्यंतचं अंतर मोजायला 1200 सेंट धरतात. पियानोवर त्याचे बारा सारखे तुकडे करतात, प्रत्येकी 100 सेंटचे. त्यामुळे पियानोचा गंधार बसतो 400 वर. पण तानपुऱ्याच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो असतो साधारण 386 वर. चौदा सेंटची ही चढण म्हणजे तडजोड आहे, कुठल्याही पट्टीत वाजवलं तरी पियानो सारखाच लागावा यासाठी केलेली. जाहिराती, रिंगटोन, फिल्मची गाणी, सगळं याच तडजोडीवर चालतं. कानाला तीच खरी वाटायला लागते.

माझ्या मित्राने सप्तकाचे 31 सारखे तुकडे केलेत. एक तुकडा 38.7 सेंटचा. दहा तुकडे मोजले की 387, म्हणजे गंधार जवळजवळ तानपुऱ्यावरचाच. शिवाय सा आणि शुद्ध रे यांच्या मध्ये पियानोवर एकच सूर मिळतो, इथे चार मिळतात. बदल्यात पंचम पाच सेंट उतरतो. फुकट काहीच मिळत नाही, बॉस. आणि ही काही त्याची अफलातून आयडिया नाही. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्सने 1691 मध्येच या 31 सुरांवर लिहून ठेवलंय. ते वाचून आद्रियान फोकर नावाच्या डच फिजिसिस्टने 31 सुरांचा एक पाइप ऑर्गनच बांधून घेतला. 1950 मध्ये तो हारलेमच्या टेलर्स म्युझियममध्ये बसवला. आता तो अॅमस्टरडॅमला असतो.

"म्हणजे आपल्या श्रुतीच की!" मी हुशारी मारली. त्याने असा काही चेहरा केला... आपल्याकडे श्रुतीची मजा एका गळ्यात, एका सा च्या आधाराने. रागात त्या गंधाराला कुठून यायचं, किती थांबायचं ते ठरलेलं. ऑर्केस्ट्रात पन्नास माणसं एकाच वेळी वेगवेगळे सूर लावणार, खालचा आधार दर दोन सेकंदांनी सरकणार, आणि तरी सगळं एकमेकांत बसायला हवं. दोन्ही गोष्टी एकच म्हणणं हा आळशीपणा आहे, असं त्याचं म्हणणं. मला पटलं. (आपल्याकडे हे सगळं आधीपासून होतंच, हे वाक्य मी त्या रात्रीपुरतं गिळलं.)

मग त्याने तो पीस स्पीकरवर लावला. मला बेसूर वाटलेली जागा तिसऱ्या मिनिटाला येते. व्हायोलिन्स एकेक तुकडा खाली उतरतात, हॉर्न जागचा हलत नाही. पहिल्यांदा दात शिवशिवले. दुसऱ्यांदा चाललं. तिसऱ्यांदा मी त्या जागेची वाट बघत होते.

आता हे लिहायचं कसं? कॉम्प्युटरवर सगळी वाद्यं एकेक सूर रेकॉर्ड केलेली मिळतात. पण कॉम्प्युटर आणि वाद्यं ज्या मिडी नावाच्या भाषेत बोलतात, तिच्यात सुरांसाठी नंबर फक्त 128. बारा-बारा वापरले तर दहा सप्तकं आरामात निघतात. एकतीस-एकतीस वापरले की चार सप्तकांत खेळ खल्लास, आणि ऑर्केस्ट्राला लागतात सात. म्हणून तो प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर ठेवून वेगळं ट्यून करतो. दोन वर्षं कुठे गेली ते कळलं मला.

आणि शेअर करणं तर अजून वेगळीच भानगड. रेकॉर्डिंग पाठवलं तर माझ्यासारखे लोक 'बेसूर' म्हणतात. दुसऱ्या कंपोझरने आत शिरून बघावं असं वाटत असेल, तर पीससोबत स्केलही पाठवावी लागते. ती असते एक छोटीशी टेक्स्ट फाईल. आत किती सूर आणि कुठला सूर किती उंचीवर, बस. हा फॉरमॅट आला स्काला नावाच्या सॉफ्टवेअरमधून. मानुएल ऑप द कूल या डच माणसाने ते बनवलं आणि सोबत पाच हजारांहून जास्त स्केल्सचा संग्रह फुकट वाटला. ही फाईल जोडायची विसरलात की समोरच्याकडे एका सप्तकाची अडीच सप्तकं होतात आणि पीसचा पार चिवडा. माझ्या मित्राने हे एकदा केलंय. समोरच्याने 'खूप धाडसी आहे' असं कळवलं होतं.

पण त्याला हवी आहेत जिवंत माणसं. व्हायोलिन-चेलोला पडदे नसतात, बोट कुठेही ठेवता येतं. ट्रॉम्बोनची नळी हवी तिथे थांबते. क्लॅरिनेट-फ्लूटवाल्यांना मात्र जास्तीच्या प्रत्येक सुरासाठी बोटांची नवीन ठेवण शिकावी लागते. म्हणजे तालमी. म्हणजे पैसा. नाव असलं की जमतं. ऑस्ट्रियाच्या गेओर्ग फ्रीडरिश हासने 2010 मध्ये ऑर्केस्ट्रासोबत सहा पियानो लावले, प्रत्येक जरासा वेगळा ट्यून केलेला, मिळून सप्तकात 72 सूर! माझ्या मित्राने एका परदेशी ग्रुपला स्कोअर पाठवला होता. उत्तर आलं, आवडलं, पण तालमीला एवढा वेळ नाही.

त्याच्या डेस्कच्या वर एका जुन्या इंग्रज माणसाचा फोटो आहे. मला वाटलं आइनस्टाइनचा कुणी भाऊ. तो जॉन फाउल्ड्स. जन्म 1880, मँचेस्टर. हॅले ऑर्केस्ट्रात चेलो वाजवायचा. पडदे नसलेलं वाद्य हातात, त्यामुळे असेल, पण 1905 च्या चेलो सोनाटातच पठ्ठ्याने पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधले सूर लिहिले. 11 नोव्हेंबर 1923 ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हजाराहून जास्त गायक-वादकांनी त्याचं 'वर्ल्ड रिक्वियम' सादर केलं. 1926 पर्यंत दरवर्षी ते झालं, मग बंद. परत कधी वाजलं? 2007 मध्ये!

1935 मध्ये हा माणूस भारतात आला. दिल्लीत ऑल इंडिया रेडिओवर युरोपियन म्युझिकचा प्रमुख झाला. आपल्या वाद्यांचा छोटा ऑर्केस्ट्रा बांधला. पेटीवर तर त्याचा भलताच राग. तिचे बारा बांधलेले सूर इथल्या गाण्याला मारतायत, असा त्याचा 1938 चा लेख आहे. 1940 मध्ये रेडिओवर पेटीला बंदी आली, ती सैल व्हायला 1971 उजाडलं. (नाट्यसंगीतावर वाढलेल्या माझ्या आजीसमोर हे बोलायची सोय नाही. आणि पेटी सुधारताही येते, ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी 22 श्रुतींची बनवलीच ना.) बंदी बघायला फाउल्ड्स उरला नव्हता. एप्रिल 1939 मध्ये कलकत्त्याला बदलून गेला आणि कॉलऱ्याने वारला. युरोपियन ऑर्केस्ट्रा आणि भारतीय वाद्यं एकत्र आणणारी एक सिंफनी त्याने इथे लिहिली होती. ती हरवली. स्कोअरच नाही.

"म्हणून मी भेटेल त्याला फाईल पाठवतो," मित्र म्हणाला. "दहा जणांकडे असली की एकाकडे तरी राहील."

त्या दहांतली एक फाईल कुणाकुणाच्या हातून जर्मनीतल्या एका चेलोवाल्या बाईंकडे पोचली. ना ओळख, ना पाळख. त्यांनी चेलोच्या चाळीस सेकंदांच्या ओळी घरी बसून रेकॉर्ड केल्या आणि पाठवून दिल्या. माझ्या त्या मेसेजच्या दोनच दिवस आधी आल्या होत्या. अजून कुणालाच ऐकवल्या नव्हत्या त्याने.

त्याने त्या कॉम्प्युटरच्या ऑर्केस्ट्रावर ठेवल्या आणि प्ले केलं. सात मिनिटांत तेवढ्याच चाळीस सेकंदांना श्वास होता. धनुष्याचा खरखरीत आवाजसुद्धा ऐकू येत होता. स्क्रीनवर मात्र आकडे बोलत होते. बाईंचा गंधार 387 वर नव्हता, जरासा खाली होता. सॉफ्टवेअरमध्ये दोन क्लिकचं काम.

"दुरुस्त करणार?" मी विचारलं.

"वेडी आहेस का? बाकीचा ऑर्केस्ट्रा खाली आणतोय."

रात्रीचा दीड वाजला होता. सेकंड व्हायोलिन्सपर्यंत पोचला होता तो.