कायले पाहिजे?

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे ‘कायले पाहिजे?’ या प्रश्नापुढे भले भले आडवे होतात. अंध माणसाने कॉम्प्युटर घेतो म्हटले की पहिला प्रश्न हाच. दुसरा, ‘तुम्हाले त्यात सिस्टिम कोण टाकून देईन?’ तिसरा कुणी विचारत नाही. तोवर विचारणारा चहाला गेलेला असतो.

मी बी.कॉम., त्यातून बँकेतला कारकून. तेव्हा जमाखर्चच मांडतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला. लगेच एका दुकानदाराने माझ्या अंध मित्राला निकाल ऐकवला, “भाऊ, हा डबा भंगारात द्या, नवा घ्या. बोलणारं सॉफ्टवेअर पाहिजे त मी चोरीचं मारून देतो.” म्हणजे आधी दंड, वर चोरीचा माल! विंडोजवर पडदा वाचून दाखवणारे एनव्हीडीए फुकट मिळते, हे त्याला ठाऊक नव्हते की ठाऊक असून परवडत नव्हते, देव जाणे.

आता जमेची बाजू. डेबियन नावाचे लिनक्स पेनड्राइव्हवर घ्या, कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा, मेन्यू आला की ‘एस’ आणि एंटर. तिथून तो डबा स्वतःच बोलू लागतो. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, डिस्क पुसू का? पर्यायांना आकडे असतात. आकडा टाइप करून एंटर मारायचा. पुढे डेस्कटॉप आला की ऑर्का नावाचा वाचक कामाला लागतो. मित्राने हे सगळे स्वतः केले. मी शेजारी बसून शेंगदाणे खाल्ले. बायोसच्या मेन्यूपुरते तेवढे माझे डोळे लागले, कारण तो पडदा मुका. पण ती खोड मदरबोर्डवाल्यांची, लिनक्सची नव्हे. ई-स्पीकचा मराठी आवाज टिनाच्या डब्यातून आल्यासारखा आहे, हेही कबूल. शब्द मात्र कळतात, आणि आमच्या काउंटरवरच्या माइकबद्दल तेवढेही म्हणता येत नाही.

केरळच्या मंडळींनी तर ‘ॲक्सेसिबल कोकोनट’ नावाचे, खास अंधांसाठीचे लिनक्स बांधले आहे. आमच्याकडे नारळ नाही, मोह आहे. ‘बोलका मोह’ निघायला काय हरकत होती? पण एरवी ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणारे आम्ही, लिनक्स फुकट म्हटले की नाक मुरडतो. ‘असे लोक आहेतच किती?’ हे तरी कुणी विचारू नये. जिल्ह्यातच वरोऱ्याला, आनंदवनात, अंध मुलांची शाळा आहे. तिथली मुले मोठी होतात, नोकऱ्या मागतात, आणि मग त्यांची गाठ आमच्या परिपत्रकांशी पडते.

ही परिपत्रके कृतिदेवमध्ये. कृतिदेवात ‘मराठी’ दिसते ते आपल्याला. फाइलच्या पोटात असतात ईजेकेबीएच ही इंग्रजी अक्षरे. ऑर्का बिचारा पोटातले वाचतो. दिव्यांगांना माहिती वाचता येईल अशा रूपात मिळावी, असे २०१६ चा कायदा सांगतो. त्या आधारावर मित्राने एका कार्यालयाला रीतसर अर्ज केला, की परिपत्रके कृपया युनिकोडमध्ये पाठवावीत.

उत्तर वेळेत आले. कृतिदेवमध्ये.